वणवा जुनाच आहे, दारापर्यंत आलेलं गवत नवं आहे



माघ सरत आला. समोरच्या डोंगरावरचं गवत पिवळं होऊन आडवं पडलंय. परवा रात्री पलीकडच्या खिंडीत तांबूस रेघ दिसली आणि आईने जेवता जेवता ताट बाजूला सारलं. "आपल्याकडं येईल का रं?" एवढंच विचारलं तिने. म्हणून या वेळच्या टिपणात खत-फवारणी नाही. वणव्यावर लिहितोय, आणि जरा मागचा इतिहास धरून लिहितोय. घर का जळतं आणि का वाचतं, हे मला त्या इतिहासातूनच कळलं.

आधी आमच्यावर बेतलेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले. मी तालुक्याला, बायको मुलांच्या शाळेत, घरी आई एकटी. डोंगराच्या पश्चिमेच्या पायथ्याला कोणीतरी बांध पेटवला होता. कोण ते आजही कळलेलं नाही, आणि आता त्यात अर्थही नाही. दुपारी समुद्राकडून खारं वारं सुटतं हे आपल्याला माहीत आहे. त्या वाऱ्याने आग चढणीला लागली आणि तासाभरात आमच्या काजूच्या बागेत शिरली. बागेत गुडघाभर गवत होतं. कापायला माणूस मिळाला नाही म्हणून मी ते "मग बघू" म्हणून ठेवलं होतं. साठ-पासष्ट कलमं भाजली, मांगर गेला, मांगरातल्या ड्रिपच्या नळ्या आणि क्रेट वितळून गोळा झाले, घराच्या मागची पेंढ्याची उडवी गेली.

घर मात्र राहिलं. का राहिलं, तर आईने त्या सकाळी वाल वाळत घालायचे म्हणून खळं झाडून शेणाने सारवलं होतं आणि मागच्या पडवीलगतचा सगळा पातेरा ओढून उकिरड्यात टाकला होता. आग खळ्याच्या कडेपर्यंत आली आणि तिथे खायला काही नाही म्हणून थांबली. तरी एक ठिणगी कौलाच्या फटीतून माळ्यावर गेलीच. तिथे चार भारे पेंढा होता. शेजारच्या वहिनींनी धूर बघितला, शिडी लावली, आणि दोघींनी कळशीने विझवलं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर आज हे टिपण वेगळं असतं.

त्यानंतर दोन वर्षं मी मिळेल ते वाचत गेलो, म्हाताऱ्यांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते खाली मांडतोय.

वणवे पूर्वीही लागायचे

"आमच्या वेळी असे वणवे नव्हते" असं कोणी म्हणालं तर पूर्ण खरं धरू नका. डोंगर तेव्हाही पेटायचे. माझा आजा सांगायचा, शिमग्यात डोंगराला माळा घातल्यासारख्या आगी दिसायच्या. पण घरं, गोठे, उडव्या फारशा जात नव्हत्या, आणि तेव्हा तर निम्म्या घरांवर गवताचं छप्पर आणि कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या. हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. घर जास्त पेट घेणारं आणि तरी जळत कमी, असं कसं?

उत्तर घराच्या आजूबाजूला सापडलं. त्या काळात गावाभोवतीच्या जमिनीवर जळण्यासारखं काही शिल्लकच राहत नव्हतं. दिवाळीनंतर गवत कापून उडव्या रचल्या जायच्या. उरलेलं दारातली आठ-दहा गुरं खायची. वाळक्या काटक्या चुलीत जायच्या. वरकस जमिनीवर नाचणी-वरी होती, म्हणजे डोंगराच्या अंगावर ठिकठिकाणी नांगरलेले, उघडे पट्टे होते. आणि पालापाचोळा जायचा राबात.

देशावरच्या आणि विदर्भातल्या वाचकांसाठी राब म्हणजे काय ते सांगतो. भाताची रोपं टाकायच्या जागेवर, म्हणजे दाढीवर, शेण, झाडांचे वाळवलेले टहाळे, पातेरा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असं रचायचं आणि उन्हाळ्यात ते भाजायचं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते, रोप जोमदार येतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ साली राबावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे साहेबाच्या शास्त्रालाही याची दखल घ्यावी लागली.

राबासाठी झाडं छाटली जायची, हा त्याचा तोटा होताच, तो लपवायचा नाही. भाजताना हयगय झाली तर वणवाही लागायचा. पण राब भाजायची रीत होती. पहाटे किंवा वारा पडल्यावर भाजायचं, आधी कड साफ करायची, चार माणसं ओले टहाळे घेऊन उभी, आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. गावातल्या प्रत्येक पोराला आग कशी चालते हे दहाव्या वर्षी कळायचं. आणि या सगळ्या उद्योगात घराभोवतीचं जळाऊ सामान दरवर्षी आपोआप साफ व्हायचं. वणव्यापासून घर वाचवायचं म्हणून हे कोणी करत नव्हतं. पोटासाठी करत होते, घर त्यात वाचत होतं.

आगीवर बंदी आली

इंग्रजांनी १८६४ साली वनखातं काढलं. डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला प्रमुख. १८६५ आणि मग १८७८ साली वन कायदे झाले. रेल्वेला स्लीपर हवे होते, सागवान हवं होतं, आणि आग म्हणजे त्या लाकडाचं नुकसान. सातपुड्यात, आजच्या मध्य प्रदेशातल्या बोरीच्या जंगलात, १८६० च्या दशकात पिअरसन या अधिकाऱ्याने आगीपासून जंगल राखायचा पहिला मोठा प्रयोग केला. तिथून जाळरेषा काढणं, उन्हाळ्यात राखणदार नेमणं ही पद्धत देशभर गेली. आजही आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरून जाळरेषा काढतात, त्याची मुळं तिथे आहेत.

जाळरेषा ही चांगलीच गोष्ट. अडचण झाली ती दुसऱ्या बाजूने. राखीव जंगलात गवत कापणं, गुरं चारणं, टहाळे तोडणं, आग नेणं हे सगळं गुन्ह्यात आलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आमच्याच भागात, राबावरून इतकी कुरबुर झाली की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. जोतिराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. वनखात्याने गुराढोरांचं रान कसं आवळलं, याबद्दलचा राग त्यातही आहे.

पुढे १९३० साली तो राग रस्त्यावर आला. पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. लक्षात घ्या, गवत कापणं हा सत्याग्रह होता. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. आमच्या भागात तो दिवस अजून पाळतात.

तिकडे कुमाऊँच्या डोंगरात १९२१ साली याहून वेगळं घडलं. लोकांनी संतापून सरकारी चीड जंगलं मोठ्या प्रमाणावर पेटवली. नंतर सरकारला १९३१ साली वनपंचायतींचे नियम करून काही जंगल गावाच्या ताब्यात द्यावं लागलं. जे रान आपलं वाटत नाही त्याची आग विझवायला माणूस जिवावर उदार होत नाही, हा धडा तिथला.

शंभर टक्के बंदी झाडालाही मानवत नाही, हे खुद्द वन अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आलं होतं. ब्रह्मदेशात आग पूर्ण थांबवलेल्या जंगलात सागाची नवी रोपं येईनाशी झाली. स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने १८९६ साली 'इंडियन फॉरेस्टर' या वनखात्याच्या मासिकात लिहिलं की आगीपासूनची राखण जरा जास्तच होतेय. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला.

यावरून "मग डोंगर पेटवलेला बरा" असा अर्थ कोणी काढू नका. दरवर्षी चैत्रात उतार जाळला की पहिल्या पावसात वरची माती ओढ्यात जाते, नवी रोपं मरतात, पक्ष्यांची अंडी जातात, झऱ्यांचं पाणी आटतं. "जाळलं की गवत चांगलं येतं" हे आपण ऐकत आलोय. हिरवं कोवळं गवत लवकर दिसतं हे खरं, पण उतारावरची माती वर्षागणिक पातळ होत जाते तिकडे कोणी बघत नाही. विदर्भात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तीच गत. पाला झाडून किंवा खाली जुनी साडी-जाळी अंथरूनही फुलं वेचता येतात.

मग गवत दारात कसं आलं?

स्वातंत्र्यानंतर आमच्या डोळ्यांदेखत तीन बदल झाले.

पहिला, माणसं गेली. आधी मुंबईच्या गिरणीत, मग पनवेल-तळोज्याच्या कारखान्यात. गुरं कमी झाली. ज्या दारात आठ होती तिथे आज एक गाय, नाहीतर पिशवीचं दूध. चरणारं तोंड गेलं.

दुसरा, गॅस आला. २०१६ नंतर उज्ज्वलेने तर वाडीवाडीत पोचला. बायकांच्या डोक्यावरची मोळी उतरली, डोळ्यातला धूर गेला, फार चांगलं झालं. पण डोंगरातलं वाळकं जळण तिथेच साचायला लागलं. राबाचंही तसंच. तो कमी झाला, झाडं वाचली, पण पातेरा पडून राहिला.

तिसरा बदल आपल्या सगळ्यांना प्यारा आहे. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड आली आणि नाचणी-वरीच्या वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. कोकणाला त्याने पैसा दाखवला. पण नांगरलेल्या उघड्या पट्ट्यांच्या जागी झाडं आणि झाडाखाली गवत आलं. ते गवत वेळेवर कापलं नाही तर डोंगरापासून परसापर्यंत एक सलग वात तयार होते. माझी बाग तशीच वात झाली होती.

त्यात आता आपण प्लास्टिक घातलंय. शेडनेट, मल्चिंगचा कागद, शेततळ्याचा कागद, पाण्याच्या नळ्या, क्रेट. आजोबांच्या मांगरात यातलं काही नव्हतं. गवती छपरं गेली, मंगळुरी कौलं आली, बरं झालं. पण आता पर्यटकांसाठी पुन्हा गवताच्या झोपड्या बांधतोय, त्याही डोंगराच्या कडेला.

बाहेरच्यांनी जीव देऊन शिकलेलं

याच रस्त्याने बाकीचे देशही गेलेत, आणि त्यांनी मोजलेली किंमत फार मोठी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १३ जानेवारी १९३९ ला वणव्यात ७१ माणसं गेली. न्यायाधीश स्ट्रेटन यांच्या आयोगाने चौकशी केली. आगी माणसाच्या हातूनच लागल्या, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. त्यानंतर तिथे गावोगावच्या स्वयंसेवकांचं अग्निशमन दल एका छत्राखाली आलं. पुढे १६ फेब्रुवारी १९८३ ला व्हिक्टोरिया आणि शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात पुन्हा भयंकर आगी लागल्या, दोन्हीकडे मिळून ७५ माणसं गेली. या वेळी संशोधकांनी एका गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. बरीच घरं ज्वाळांनी पेटलीच नव्हती. वाऱ्याने आलेल्या ठिणग्या पन्हाळीत, फटीत, दाराशी साचलेल्या पाल्यात पडून ती नंतर पेटली. ज्या घरात धडधाकट माणूस होता आणि त्याने त्या बारीक आगी विझवल्या, ती घरं जास्त वाचली.

मी हे वाचलं तेव्हा मला माळ्यावर कळशी ओतणारी आई आणि वहिनी दिसल्या.

पण तिथेच एक घोटाळाही झाला. "तयारी असेल तर थांबा आणि घर राखा, नाहीतर लवकर निघा" असं धोरण ठरलं. ७ फेब्रुवारी २००९ ला आगी इतक्या भडकल्या की १७३ माणसं मेली, त्यातली शंभराहून जास्त घरातच सापडली. काहींची तयारी अपुरी होती, काही जण "निघू, निघू" करत उशिरापर्यंत थांबले. त्यानंतर सांगणं बदललं: लवकर निघणं हेच सगळ्यात सुरक्षित. घर पुन्हा बांधता येतं.

अमेरिकेत वनखात्याचे जॅक कोहेन यांनी घर नेमकं किती अंतरावरून पेटतं हे तपासलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात खरं जंगल पेटवून त्यांनी त्याच्यासमोर १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभ्या केल्या. १० मीटरवरच्या काही पेटल्या, २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे डोंगर केवढाही पेटो, घराचं भवितव्य ठरतं ते घर आणि त्याभोवतीच्या साधारण ३० मीटर, म्हणजे १०० फुटांत. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचं गाव जळालं, ८५ माणसं गेली, अठरा हजारांवर इमारती जळाल्या. तिथल्या फोटोंत घरांची राख आणि बाजूला हिरवी झाडं उभी दिसतात. ठिणग्यांनी घरं पेटली आणि एका घराने दुसरं पेटवलं.

आता तिकडे सांगतात की भिंतीपासून पहिली पाच फूट जमीन अशी ठेवा की तिच्यावर जळण्यासारखं काहीच नको. पाला नको, लाकूड नको, गवत नको. आमच्याकडे त्याला अंगण म्हणतात. रोज झाडलेलं, शेणाने सारवलेलं अंगण. मागे मोरीच्या सांडपाण्यावर केळ आणि अळू, कायम ओलं. पुढे खळं, बाजूला गडगा. अमेरिकेने संशोधन करून जे आखलं ते आपल्या घराच्या ठेवणीतच होतं. आपण त्यावर लाकडाचा ढीग, जुने टायर आणि खताच्या रिकाम्या गोण्या रचल्या.

उतारावर पळू नका

अजून एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. अमेरिकेत मोंटाना प्रांतात मान गल्च नावाच्या घळीत ५ ऑगस्ट १९४९ ला विमानातून उतरलेले आग विझवणारे जवान अडकले. खालून गवताला लागलेली आग चढणीने त्यांच्या मागे आली. त्यांचा म्होरक्या डॉज याने समोरचं गवत स्वतःच काडी लावून जाळलं, जळून काळ्या झालेल्या जागेत तो पालथा पडला आणि बाकीच्यांना बोलावलं. कोणाला ते पटलं नाही, सगळे वर पळाले. १३ जण मेले. डॉज वाचला, आणि वर पळालेल्यांतले फक्त दोघे.

आपल्या देशातही ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गवताला आग लागून गिर्यारोहणाला गेलेल्यांपैकी वीसहून जास्त लोक मेले. सह्याद्रीत ट्रेकिंगला येणाऱ्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आग चढणीला माणसापेक्षा वेगाने पळते. डॉजने केलं तसं स्वतः काडी लावायला जाऊ नका, त्याला फार समज लागते. पण उघडी किंवा आधीच जळून थंड झालेली जागा जीव वाचवते, एवढं मनात पक्कं हवं. आमच्याकडे ती जागा म्हणजे कापणी झालेली, नांगरून ठेवलेली भाताची खाचरं. वर नाही, आडवं सरकत खाचरात उतरायचं.

आम्ही आता काय करतो

मार्गशीर्ष-पौषात: बागेतलं गवत ग्रासकटरने कापतो. कापलेलं तिथेच पसरून ठेवत नाही. झाडाच्या बुंध्यापासून दूर खड्ड्यात किंवा कंपोस्टला. बागेच्या कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा मातीपर्यंत खरवडून काढतो. उताराच्या खालच्या बाजूला तो दुप्पट रुंद, कारण आग तिकडूनच चढते. शक्यतो जाळत नाही, कापतो आणि खरवडतो. ज्याला जाळायचंच असेल त्याने वनरक्षकाला कळवून, पहाटे, वारा नसताना, माणसं आणि पाणी हाताशी ठेवून. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या बांधावरची आग हद्द ओळखत नाही.

राबाला पर्याय म्हणून भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्यात मिसळतो. चारसूत्री भातपद्धतीत ती सांगितलेलीच आहे. रोप चांगलं येतं, टहाळे तोडावे लागत नाहीत, आणि चैत्रात काडी ओढावी लागत नाही.

माघात: उडवी घरापासून आणि गोठ्यापासून निदान शंभर फुटांवर, खाली आणि भोवती जमीन साफ. एकच मोठी न रचता दोन लहान, लांब लांब. माळ्यावरचा पेंढा खाली. कौलं चाळून फुटकी बदलायची, पन्हाळीतला पातेरा काढायचा. कौलावर आलेली फांदी छाटायची. भिंतीलगतची लाकडं, क्रेट, नळ्या, डिझेलचे कॅन हलवायचे. आणि अंगण. आईला आता रोज झाडणं होत नाही, गुडघे दुखतात. म्हणून ते काम माझ्याकडे आलंय. पहिले चार दिवस लाज वाटली, आता वाटत नाही.

फाल्गुन ते पाऊस पडेपर्यंत: आंब्याच्या फवारणीचा एचटीपी पंप आणि दोनशे लिटरचं पिंप साध्या पाण्याने भरून तयार. आत औषधाचा अंश राहू नये म्हणून आधी धुऊन. वणव्यात वीज जाते, मोटर चालत नाही, म्हणून पिंपं आधी भरलेली हवीत. दारामागे चार गोणपाट, दोन फावडी, एक शिडी.

घरातल्या माणसांचं

शिमग्याच्या आधी एक संध्याकाळ सगळे बसून ठरवतो. कोण कुठे जाणार, आईला कोण नेणार, गुरांचं दावं कोण सोडणार. धूर दिसला की गुरं आधी मोकळी. बांधलेलं जनावर पळू शकत नाही. मुलांना कुठल्या खाचरात जाऊन थांबायचं ते दाखवून ठेवलंय. गॅसचं रेग्युलेटर बंद. अंगावर सुती कपडे, पायात बूट. नायलॉनची साडी आणि स्लीपर नको. तोंडाला ओलं फडकं. सातबारा, आधार, बँक पुस्तक, आईची औषधं एका पिशवीत दाराजवळ.

एक चूक माझी, तुम्ही करू नका. माझ्या काजूची नोंद ई-पीक पाहणीत नव्हती. पंचनाम्याच्या वेळी झाडं होती हे पटवून देताना नाकी नऊ आले. नोंद करून घ्या, बागेचे फोटो काढून ठेवा.

फोन: ११२, अग्निशमन १०१, आणि आपल्या वनखात्याचा १९२६. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या ठिकाणांचे इशारे देतं, त्यासाठी मोबाईल नंबर नोंदवता येतो. गावातल्या दोघा-तिघांनी तरी नोंदवा. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे उपग्रहाआधी शेजारच्या वहिनींना धूर दिसला होता. म्हणून सगळ्या वाडीचे नंबर एका कागदावर लिहून ओटीवर चिकटवलेत. बंद घरांच्या मुंबईकर मालकांचेही. त्यांच्या परसातलं गवत कापायचं कोणी, हे यंदा वाडीच्या बैठकीत ठरवलं. पैसे ते पाठवतात, काम आम्ही करतो. एका घराचं गवत राहिलं तर शेजारच्या चार घरांना धोका असतो.

आणि शेवटचं. आग मोठी दिसली, वारा तुमच्या अंगावर असला, तर घर राखत बसू नका. निघा.

परवाच्या त्या आगीने अजून खिंड ओलांडलेली नाही. गावातली दहा पोरं काल रात्री टहाळे घेऊन वर गेली होती, मीही गेलो होतो. विझवून पहाटे चारला खाली आलो. आई जागी होती. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "खळं झाडून ठेवलंय मी. तू गेलास तेव्हाच."

तुमच्याकडे या जाळपट्ट्याला काय म्हणतात, घराभोवती काय रीत होती, म्हाताऱ्यांना विचारून खाली लिहा. आणि हे टिपण वाचून झालं की उठा, मागच्या पडवीत काय काय रचलंय ते एकदा बघून या.